शेपटीकडे पुसट

आमच्या नीरूचं दिवसकार्य झालं आणि दुसऱ्याच सकाळपासून गावाने आमच्या अंगणात मेलेले साप आणून ठेवायला सुरुवात केली.

पहिला आणला भागोजीने. चांगली पुरुषभर लांब धामण, काठीवर आडवी टाकलेली. तुळशीपाशी ती ठेवून त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "वयनी, मारली. पोरीसाठी मारली." मी पडवीत उभी होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. धामण बिचारी उंदरांवर जगणारी, तिच्यात विषाचा थेंब नाही, हे मला पाठ होतं. तरी बरं वाटलं.

पाठ होतं, कारण माझं लग्नच तसल्या माणसाशी झालंय. आमचे हे, चिंतामणी, लांज्याहून आत जिथे एसटी वळसा घालून परत फिरते त्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. मी इथे आले तेव्हा गावात सापाबद्दल एकच नियम होता, दिसला की ठेचायचा. आणि साप चावला असं तर कोणी म्हणायचंच नाही. आमच्याकडे 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतलं तर तो येतो म्हणे. ह्यांना त्याची भारी चीड. "पान कसलं लागतंय? साप म्हणा. कुठला ते म्हणा. एकदा नाव कळलं की अर्धी भीती जाते," हे वर्गात सांगायचं, ग्रामसभेत सांगायचं आणि लग्नाच्या पंगतीतही सांगायचं. एकदा जेवताना ह्यांनी घोणस कशी फुत्कारते ते करून दाखवलं, तेव्हा माझ्या चुलतसासूबाईंनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली ती सारलीच.

कोणाकडे साप निघाला की ह्यांना बोलावणं यायचं. हे निघायचे एक काठी आणि माझा उशीचा अभ्रा घेऊन. कापड जाड, शिवण पक्की, तोंड बांधायला सोपं. माझ्या रुखवतातले टाके घालून भरलेले सगळे अभ्रे असे एकेक करून रानात गेले. परत यायचे, नाही असं नाही. पण ज्यात घोणस बसून आली त्यावर डोकं कोण ठेवणार? मी बडबड करायची आणि हे हसायचे. पुढे नीरू मोठी झाली, तशी तीच हळूच कपाटातून अभ्रा काढून बापाच्या हातात द्यायला लागली.

गाव सुधारायला दहा वर्षं लागली, पण सुधारलं. सगळ्यांत जास्त सुधारला तो भागोजी. आमच्या दगडी गडग्यापलीकडे त्याचं घर. साप मारण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि तोच पुढे ह्यांच्याबरोबर साप सोडायला गावाबाहेरच्या कातळावर, सड्यावर, जायला लागला. त्याची अट मात्र एक होती. "सगळे सोडू सर, पण मण्यार नाय." त्याचा पाठचा भाऊ झोपेतच मण्यारीने गेला होता. चावल्याचं कळलंसुद्धा नाही कोणाला. ह्यांनी ती अट कधी मान्य केली नाही, पण भागोजीशी त्यावरून वादही घातला नाही. गावानेही तेच धरलं. बाकी सगळ्यांना अभय, मण्यारीला काठी.

आता घोळ असा की मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या नावाचा एक साप असतो. अंगावर तसेच पांढुरके पट्टे, तोही घरात शिरणारा, पण अगदी गरीब. कित्येक कवडे मण्यार समजून मारले जायचे. म्हणून ह्यांनी गावभर एक धडा घोटून घेतला होता. पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, तो कवड्या. पट्टे शेपटीपर्यंत ठळक, ती मण्यार. नीरूने हे पाढ्यांच्या आधी पाठ केलं. शाळेमागे एकदा लोकांनी मण्यार मारली, तर ही मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. "तिने काय केलं होतं, आई?" मला काय ठाऊक तिने काय केलं होतं! मी म्हटलं, "गिळ आता भात."

ते २००२ साल. गणपती तोंडावर आले होते. तिन्हीसांजेला वीज गेली, आणि मी नीरूला मागच्या पडवीतून पाण्याच्या चुलीसाठी लाकडं आणायला सांगितलं. ती लाकडं घेऊन आली आणि हात पुढे करून म्हणाली, "बाबा, मला कवड्या चावला."

ह्यांनी कंदील जवळ घेतला. बोटाजवळ टाचणी टोचल्यासारख्या दोन खुणा. सूज नाही, रक्त नाही. ह्यांनी विचारलं, "पट्टे कुठे ठळक होते?"

"मानेकडे."

"आणि शेपटीकडे?"

"पुसट. बाबा, कोणाला सांगू नका हं. भागोजीकाका उगाच काठी घेऊन येतील."

ह्यांचा चेहरा मला अजून दिसतो. अभिमान वाटला हो त्यांना. बारा वर्षांची पोर, अंधारात साप चावला तरी रडली नाही, आणि नाव बरोबर सांगितलं. साबणाने हात धुतला, हळद लावली आणि आम्ही जेवायला बसलो.

झोपताना तिच्या पोटात दुखायला लागलं. दुपारी कच्चे पेरू खाल्ले होते, मी त्या पेरूंवर ढकललं. पहाटेच्या आधी तिने हाक मारली. "आई, डोळे उघडत नाहीत." हे धावत आले, तिच्या पापण्या बोटाने वर केल्या, आणि कसलातरी आवाज त्यांच्या घशातून आला. तसा आवाज मी माणसाचा ऐकलेला नाही. भागोजीने जीप मिळवली. रत्नागिरीला औषध होतं, डॉक्टर होते, सगळं होतं. पण वाटेतच, पालीच्या पुढे, माझ्या मांडीवर तिचा श्वास थांबला.

ती मण्यार होती.

तर असे ते साप यायला लागले. धामणी, दिवड, नानेट्या, फुरशी. लोक यायचे, तुळशीपाशी ठेवायचे, हात जोडायचे आणि जायचे. ज्या गावाला ह्यांनी दहा वर्षं जीव तोडून शिकवलं, ते गाव ह्यांच्याच मायेपोटी सगळं विसरलं. बोलायला शब्द नव्हते बिचाऱ्यांकडे, म्हणून साप आणायचे. एक दिवस भागोजीने नाग आणला. नाग म्हणजे देव, जन्मात त्याने नाग मारला नव्हता. त्या नागाला त्याने आमच्याच परसात अग्नी दिला, आणि कितीतरी वेळ तो तिथेच गुडघ्यांत डोकं घालून बसला.

हे कोणाला काही म्हणाले नाहीत. शाळेत जायचे, यायचे. पकडायची काठी मागच्या पडवीत खुंटीला टांगलेली, तिला हात लावला नाही. संध्याकाळी अंगणातला साप उचलायचे, फणसाखाली खड्डा काढायचे आणि माती लोटताना त्याचं नाव म्हणायचे. "दिवड." "नानेटी." मला त्याचा संताप यायचा. एकदा मी फावडं हिसकावून घेतलं.

"तुम्हाला राग कसा येत नाही हो?"

"कोणाचा?"

"त्या मेल्या मण्यारीचा!"

"तिच्या अंगावर हात पडला, ती चावली. मी मात्र नीरूला तोंडी परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारले. मान कुठे, शेपूट कुठे. बरोबर उत्तर आलं म्हणून खूश झालो," ते म्हणाले आणि माझ्या हातातून फावडं परत घेऊन खड्डा बुजवायला लागले.

त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसला नाही. भातं कापणीला आली आणि उंदरांनी उच्छाद मांडला, कारण धामणी उरल्या नव्हत्या. भागोजीने आपली कापणी बायकोवर टाकली. हा सकाळी पहार घेऊन निघायचा ते गडगे उपसायला. कुठल्या बिळात हात घाली, कुठल्या दगडाखाली. एक दिवस त्याची बायको काशी माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच बसली.

"वयनी, तुमी सांगा त्यांना. माजं ऐकत नायत."

"काय सांगू?"

"जी पोरीला लागली ती मण्यार गावल्याबिगर थांबायचा नाय, म्हंतात. रोज बिळांत हात घालतात. काल एका घोणशीनं नेम धरलान, थोडक्यात वाचले. उद्या त्यांनाच पान लागलं तर मी पोरं घेऊन कुठं जाऊ?"

मी तिला चहा दिला. पण सांगते म्हटलं नाही. मला ती मण्यार हवी होती. भागोजी मेला तरी चालेल असं मी म्हणत नव्हते, पण तो थांबावा असंही मला वाटत नव्हतं. काशीला ते कळलं असणार. चहा अर्धाच ठेवून ती उठली. हे आतल्या खोलीत वह्या तपासत होते, त्यांनी सगळं ऐकलं.

दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते. रविवार होता. मागच्या बाजूला भागोजीची आरोळी ऐकू आली, मग काठीचे फटके. आमची लाकडं त्याने आधीही दोनदा उपसून पाहिली होती. थोड्या वेळाने तो पुढच्या अंगणात आला. घामाने निथळत होता, हातापायांना खरचटलेलं. काठीवर हातभर लांबीचा पट्ट्यापट्ट्यांचा साप लोंबत होता. त्याच्या मागून काशी आली आणि आजूबाजूची माणसं जमली.

"सर, गावली. तुमच्याच लाकडांत व्हती. हीच ती." त्याने साप तुळशीपाशी ठेवला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

हे पायऱ्या उतरून खाली आले. मीही आले. आश्विनातलं सकाळचं ऊन, सगळं लख्ख दिसत होतं. तपकिरी अंग. मानेपाशी रुंद, पिवळट पांढरे पट्टे. मधे बारीक होत गेलेले. शेपटीकडे तर नव्हतेच जवळजवळ.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वाकले, दोन बोटांनी त्या सापाचं डोकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. काशीचे हात छातीशी जोडलेले.

"हो," हे म्हणाले. "मण्यार. हीच ती, भागोजी."

दहा वर्षं नावासाठी भांडलेला माणूस. पंगतीत भांडलेला. वर्गात एखादं नाव चुकलं तर पोराला उभं करणारा.

भागोजीचं तेवढ्याने समाधान झालं नाही. तो माझ्याकडे वळला. त्याला आईच्या तोंडून हवं होतं. "वयनी, तुमी बगा. हीच ना?"

ओरडावंसं वाटलं मला. हा कवड्या आहे, आंधळ्यांनो, ती अजून जिवंत आहे, शोधा तिला, सगळं गाव खणून काढा! शब्द अगदी दातांपाशी आले होते. भागोजीचे ओरखडलेले हात समोर होते. उद्या सकाळी ते पुन्हा कुठल्यातरी बिळात जाणार होते.

"हीच," मी म्हटलं. "झालं आता, भागोजी. पुरे झालं."

काशी मटकन खाली बसली. भागोजीने काठी गुडघ्यावर धरून मोडली आणि गडग्यापलीकडे भिरकावली. जाताना त्याने ह्यांच्या पायाला हात लावला. त्यानंतर आमच्या अंगणात कोणीही साप आणून ठेवला नाही.

संध्याकाळी ह्यांनी फणसाखाली खड्डा काढला. मी आत गेले आणि नीरूच्या उशीचा अभ्रा काढून आणला. तो मी धुतलेला नव्हता. त्यात तो साप गुंडाळून ह्यांनी खाली ठेवला, माती लोटली. मी नाव ऐकायची वाट पाहत होते. नाव आलं नाही. फावड्याच्या दांड्यावर कपाळ टेकून हे तसेच उभे राहिले.

"कवड्या," मग मीच म्हटलं.

तेव्हा ते रडले. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. बऱ्याच वेळाने तोंड पुसून त्यांनी मला विचारलं, "सुमेधा, ती चुकली ना गं? अंधार होता. तिला खरंच पुसट दिसले असतील ना? मारतील म्हणून ती मुद्दाम तसं नाही ना म्हणाली?"

इतके दिवस मी रोज हाच प्रश्न घेऊन झोपत होते. शाळेमागच्या मण्यारीसाठी न जेवलेली पोर ती. 'कोणाला सांगू नका हं' म्हणालेली.

"चुकलीच हो," मी म्हटलं. "तुमची मुलगी ती. तिला कुठे खोटं बोलता येत होतं?"

त्यांनी मान हलवली. फावडं भिंतीला टेकवलं आणि आम्ही दोघं घरात आलो. सकाळी सगळ्या गावासमोर आम्हा दोघांना खोटं किती सहज बोलता आलं होतं, ते त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही.