डबडूचा आवाज

"अण्णा, हार काढू नका अजून! फोटो व्हायचाय," राजेंद्र माइकवरूनच ओरडला आणि विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात हशा पिकला.

मोतीराम अण्णांनी हाराकडे गेलेला हात खाली घेतला. मानेला झेंडू टोचतोय की त्याखालची तुळशीची माळ, हे त्यांचं त्यांनाच कळेना. राजेंद्र भजनी मंडळाचा चिटणीस. सप्ताह चालू असूनही आज त्यानं हरिपाठ पाऊण तास आधी उरकून घेतला होता आणि मंडपात मोठा टीव्ही लावला होता. कारण काय, तर अठरा वर्षांनी 'चांदोबा डेपो' परत येत होती.

एसटीची एक बस वाट चुकून चंद्रावर जाते आणि तिथंच डेपो थाटून बसते, अशी ती विनोदी मालिका. चितेगावच्या एका रिकाम्या गोदामात तिचं शूटिंग चालायचं. तिच्यातला पत्र्याचा कंडक्टर डबडू म्हणजे लहानथोरांचा जीव की प्राण. त्या पत्र्याच्या आत असायचे मोतीराम अण्णा. जवळच्याच कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते, अंगानं काटकुळे, म्हणून डबड्यात मावले.

आवाज मात्र त्यांचा नव्हता. पत्र्यातून त्यांचं बोलणं नुसतं घुमायचं. गोदामात झाडलोट करणाऱ्या सरूबाईनं एकदा शूटिंग बघायला आलेल्या गर्दीला दटावलं, "सरका की पुढं, मालक! चंद्रावर लई जागा हाय!" दिग्दर्शकानं ते ऐकलं आणि तिलाच माइकपुढं बसवलं. यंत्रातून आवाज जरा जाड केला की झाला डबडू! शेवटच्या पाटीवर मात्र एकच नाव यायचं, मोतीराम.

गल्ली धरून चालली की आवाजही अण्णांचाच. अण्णा पहिल्यांदा गप्प राहिले. पुढच्या वेळी नुसते हसले. मग कुणीतरी म्हणालं, बोलून दाखवा, तर म्हणाले, घसा बसलाय. तो घसा अठरा वर्षं बसलेलाच होता. बुवा कीर्तनात सांगायचे, "बाबांनो, खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं नाही," आणि अण्णा हातातले टाळ जरा जास्तच जोरात वाजवायचे.

उन्हाळ्यात चॅनेलकडून अतुल नावाचा तरुण आला होता. "काका, तुम्हाला बोलायलासुद्धा नको. जुन्या भागांवरून कॉम्प्युटर तुमचा आवाज शिकलाय. फक्त इथं सही करा." कागदावर लिहिलं होतं, 'हा आवाज माझा आहे.' शेजारी राजेंद्र पेढ्यांचा पुडा सोडून उभा. अण्णांनी सही केली.

मालिका सुरू झाली. बसचं दार उघडलं आणि डबडू गरजला, "चला, आधार कार्ड काढा! नायतर खाली पृथ्वीवर उतरवीन!"

मंडप हसून लोटपोट झाला. सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या. बायकांच्या बाजूला सरूबाई पंगतीसाठी हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. तिनं टीव्हीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि ताट उचलून मागच्या स्वयंपाकघरात गेली.

अण्णा हारासकट तिच्या मागं गेले.

"वैनी..."

"मी हे कधी बोलले वो, अण्णा?" तिनं वळून न पाहताच विचारलं. "ते आधार कार्डाचं? नरडं माझं, अन् मलाच ठावं नाय."

"मशीन बोलतंय ते."

"अन् मशीनीला बोल म्हणून कुणी सांगितलं?"

अण्णांनी सहीचं सांगितलं. ऐकून ती "बरं" एवढंच म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर अण्णांना हलकं वाटलं असतं.

"एवढी वर्षं तुम्ही कुणाला बोलल्या कशा नाहीत?"

"बोलले की. आमच्या यांना बोलले." तिचा नवरा कडुबा भजनात अण्णांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. चार वर्षांपूर्वी गेला. "आधी हासले, मग रागावले. म्हणले, मोतीराम माळकरी माणूस हाय. गळ्यात माळ घालून तो खोटं मिरवंल व्हय? तूच खोटारडी. मग मी पुन्हा नाव काढलं नाय." ती डाळीतला खडा शोधत राहिली. "मला खोटारडी समजूनच गेले ते."

बाहेरून राजेंद्रची हाक आली, "आता अण्णा दोन शब्द बोलतील!"

अण्णा माइकपुढं उभे राहिले.

"हा आवाज माझा नाय. कधीच नव्हता. सरूवैनींचा हाय. मी सहीबी खोटी केली."

मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, हेच डबडूच्या आवाजात सांगा की!" आणि पुन्हा हशा उसळला. अठरा वर्षांचं खोटं एका दमात पटलं होतं, खरं मात्र कुणाला पटेना. अण्णांनी हार काढून माइकच्या दांडीला अडकवला आणि तेच पुन्हा सांगितलं, शब्दन्‌शब्द. या वेळी कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी नजरा खाली घातल्या. राजेंद्रनं हळूच माइक बंद केला.

सरूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"उद्या त्या अतुलला बोलावतो. कागद बदलून तुमचं नाव लावायला लावतो," अण्णा म्हणाले.

"लावा. पर आधी घरी चला. एका जागी सांगायचं राह्यलंय."

मंदिरामागं तिच्या दोन खोल्या. भिंतीवर कडुबाचा फोटो, डोईला टोपी, कपाळाला बुक्का. अण्णांनी चपला बाहेर काढल्या, फोटोपुढं हात जोडले.

"कडुबा, वैनी खरं बोलत होत्या. खोटा मी होतो."

अण्णा बाजूला झाले. सरूबाई पुढं आली. पदराच्या टोकानं तिनं फोटोची काच पुसली आणि कोपरा पुन्हा एकदा पुसला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ऐकलं का?"