घोरतोय म्हणजे ठीक आहे

मॉर्वेनच्या ड्रमच्या वर्गाला एकच नियम होता, आणि तो तिने फळ्यावर वगैरे लिहिलेला नव्हता. हॉलच्या दाराशी खुंट्या होत्या. कोट काढून खुंटीला लावायचा, घरही तिथेच लावायचं, आणि मग आत यायचं. घरी काय चाललंय ते कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावाच्या चढावर एका बंद पडलेल्या चर्चच्या मागे हा हॉल होता. दर बुधवारी चार वाजता तिथे आठ-नऊ मुलं यायची. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी नशेत बुडालेलं. कुणाची आई, कुणाचा बाप, एकाचे तर दोघंही. या मुलांना दिवसभर प्रश्नच विचारले जायचे. शाळेतल्या बाई विचारायच्या, समाजसेविका विचारायची, डॉक्टर विचारायचे. वर्षातून एकदा कौन्सिलचा माणूस फॉर्म घेऊन यायचा आणि विचारायचा, संगीताने तुम्हाला काय दिलं? रोरी नावाच्या पोराने एकदा गंभीर चेहऱ्याने 'बहिरेपण' असं सांगितलं, आणि त्या शहाण्याने ते लिहूनही घेतलं.

नियम मॉर्वेनने हवेतून काढलेला नव्हता. तिची स्वतःची आई दारूत गेली. तेरा वर्षांची असताना मॉर्वेन पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या पथकात, ड्रम शिकायला लागली, आणि तिथल्या म्हाताऱ्या ड्रमरने तिला सहा वर्षांत घरचा एक शब्द विचारला नाही. मनगट सैल ठेव, एवढंच सांगायचा. त्या न विचारण्याने आपण वाचलो, असं तिला मनापासून वाटायचं. वाटायचं ते खरंही होतं. पण एकाला लागू पडलेलं औषध गावाला वाटत सुटावं असं थोडंच असतं.

मलमपट्टीच्या डब्याशेजारी भिंतीवर एक पिवळं पाकीट टांगलेलं होतं. हेरॉइन नाहीतर गोळ्या जास्त झालेल्या माणसाला वाचवायला त्याच्या नाकात मारायचा फवारा त्यात होता. या गावात तो चहाच्या दुकानातसुद्धा असतो. कधी आणि कसा मारायचा याचं शिक्षण मॉर्वेनने दोनदा घेतलं होतं. मुलांना तिने ते पाकीट कधी उघडून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर घर खुंटीवरून उतरून आत आलं असतं.

त्या आठवड्यात तिने काम दिलं होतं : कुठलाही एक आवाज फोनवर घेऊन या, त्यात लय हवी, त्यावर आपण ठेका बसवू. रोरीने धुण्याचं यंत्र आणलं. ते कपडे पिळताना इतकं थरथरत होतं की सगळे हसले.

"यंत्र चांगलंय," इश्बेल त्याला म्हणाली. "तुझे मोजे त्यात कधी गेलेत असं वाटत नाही."

इश्बेल पंधरा वर्षांची. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी, आणि बोललीच तर टोचणारी. दोन वर्षांत तिचा हात असा तयार झाला होता की मॉर्वेनला तिच्याकडे बघताना थोडा हेवाच वाटायचा. उन्हाळ्यात तिला बँडच्या ड्रमरांमध्ये उभं करायचं मॉर्वेनने ठरवलं होतं. बँडकडून तसं कबूलही करून घेतलं होतं.

"माझा आवाज सगळ्यांसमोर नको," इश्बेल म्हणाली. मग दोघी कोपऱ्यात बसल्या आणि मॉर्वेनने कानाला हेडफोन लावले.

आवाज खोल होता. आधी लांब, ओलसर खरखर, मग फ्रिजची घुरघुर, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा खरखर. मॉर्वेनला तो आवडला. मधली ती मोकळी जागा तर तिला फारच आवडली, कारण ड्रमरला भरायला जागाच हवी असते. काय आहे हे, असं तिने नियमाप्रमाणे विचारलं नाही. मनात म्हणाली, म्हातारा कुत्रा असेल. तिने इश्बेलला मधल्या जागेत हलक्या काठ्यांचा एक तुकडा बसवून दाखवला, इश्बेलने तो उचलला, वाढवला, एकदा चुकवला, पुन्हा धरला. अर्धा तास कसा गेला दोघींनाही कळलं नाही.

"कुत्र्याला सांग, थोडा लवकर घोरत जा," मॉर्वेन शेवटी म्हणाली. "दोन घोरण्यांमध्ये माझा चहा पिऊन होईल."

इश्बेल हसली. ती क्वचितच अशी तोंडभर हसायची. "कुत्रा कुठला? आमचा बाबा आहे तो. दुपारी जेवायला घरी गेले होते ना, तेव्हाचा."

मॉर्वेनने हेडफोन पुन्हा लावले. आता ती ठेका ऐकत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिने दोन घोरण्यांमधली जागा मोजली. अकरा सेकंद. पुन्हा मोजलं. बारा. तिने हेडफोन काढून ठेवले आणि उभी राहिली.

"काय झालं?" इश्बेलने विचारलं.

"घराची चावी दे."

"अगं झोपलाय तो. घोरतोय म्हणजे ठीक आहे. गप्प असला तरच उठवायचं. मी सहा वर्षांची असल्यापासून दाराशी उभी राहून ऐकते, मला माहीत आहे ना."

या मुलांच्या घरोघरी हीच समजूत. बापानेच शिकवलेली, मी घोरत असलो की मला त्रास देऊ नका. पोरं बिचारी रात्र रात्र ते घोरणं ऐकत निश्चिंत झोपायची. आणि मॉर्वेनला दोनदा शिकवलं होतं की गोळ्या जास्त झालेला माणूस जाताना असाच घोरतो.

तिने पाकीट भिंतीवरून ओढलं, अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि दोघी चढ चढून पळत सुटल्या.

इश्बेलचा बाप डूगी कोचावर होता. टीव्ही चालू होता. मॉर्वेनने त्याच्या हाताला हात लावला आणि तिला जे कळायचं ते कळलं, पण पोरगी दारात उभी होती. म्हणून तिने त्याला खाली ओढून घेतलं, दोन्ही नाकपुड्यांत फवारे मारले आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याची छाती दाबत राहिली. तिला माहीत होतं की उपयोग नाही. तरी दाबत राहिली.

शेजारणीने इश्बेलला आपल्याकडे नेलं. डूगीची बहीण सेंगा कामावरून तशीच धावत आली, अंगावर बेकरीचा एप्रन. अॅम्ब्युलन्सचा माणूस गुडघ्यावरून उठला आणि हळू आवाजात दोघींना म्हणाला, "जबडा ताठ झालाय. गेल्याला तीन तास तरी झाले असतील. एक-दीडलाच."

सेंगाने भिंत धरली.  मॉर्वेन मनात हिशोब करत होती, आणि त्या हिशोबातून ती स्वतः सुटत होती. हॉलमधल्या अर्ध्या तासाने काही बिघडलं नव्हतं. जेव्हा काही करता आलं असतं, तेव्हा त्या घरात एकटी इश्बेल होती, हातात फोन धरून, बाबाचं घोरणं टिपत.

इश्बेल शेजारणीच्या जिन्यावर बसलेली होती. तिने वर न बघताच विचारलं, "मी होते तेव्हा उठवलं असतं तर?"

मॉर्वेन तिच्या खालच्या पायरीवर बसली. "नाही. तेव्हा तो झोपलाच होता. साधा झोपला होता. आपण पोचायच्या जरा आधी गेला म्हणाले, पाव तासही झाला नव्हता."

"पाव तास?"

"हो."

"मग तुझं तोंड एकदम असं का झालं होतं? ऐकताना?"

एवढं खोटं अर्धवट सोडून चालणार नव्हतं. "कारण मला आधीच शंका आली होती," मॉर्वेन म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. कुत्रा म्हणाले ते नुसतं टाळायला. असं घोरणं पुढे बिघडू शकतं, जाऊन बघावं, असं वाटलं होतं. तुला कुणी शिकवलं नव्हतं, मला शिकवलं होतं."

"आणि तू बसून राहिलीस?"

"ठेका चांगला जमत होता," मॉर्वेन म्हणाली.

हे बोलताना तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. भिंतीवरचं पाकीट दोन वर्षं तिनेच बंद ठेवलं होतं. एकदा उघडून दाखवलं असतं, घोरणं म्हणजे काय ते एकदा सांगितलं असतं, तर आज दुपारी पोरगी बापाला हलवून, ओरडून, शेजाऱ्यांना बोलावून मोकळी झाली असती. गुन्हा तिचाच होता, फक्त वेळ बदलून सांगितली होती.

इश्बेलने तिच्याकडे पाहिलं. मग उठली, मॉर्वेनचा पाय ओलांडून खाली गेली आणि आत्याच्या एप्रनमध्ये तोंड घालून हमसून रडली. तोवर ती रडली नव्हती.

अंत्यविधी नऊ दिवसांनी झाला. मॉर्वेन सगळ्यात मागे, हातात फुलं घेऊन, दाराला टेकून उभी राहिली. तिला जाऊ नये असंही वाटत होतं आणि न जाणंही जमेना. बाहेर पडताना इश्बेलने तिला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"आत्या, हिला घालव इथून."

सेंगा सरळ चालत आली. "लाज नाही वाटत तोंड दाखवायला?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बसून राहिलीस काठ्या बडवत, आणि आता फुलं घेऊन आलीस?" तिने मॉर्वेनचं कोपर धरलं आणि तिला फाटकापर्यंत चालवत नेलं. लोक बघत होते. 

फाटकाशी सेंगाने आवाज खाली आणला. कोपर मात्र सोडलं नाही. "तो माणूस काय म्हणाला ते मीही ऐकलं होतं. तुझ्या शेजारीच उभी होते मी."

"तिला सांगितलंत?"

"वेडी आहेस का?" सेंगाचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत, कारण मागून इश्बेल बघत होती. "पहिले दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. आता तुला शिव्या घालते. घालता घालता जेवते. काल दोनदा जेवली."

"आणि ड्रम?"

सेंगाने मान हलवली. "काठ्या मोडून टाकल्या तिने. हात लावणार नाही म्हणते. जन्मात नाही."

मॉर्वेनने खाली बघितलं. उन्हाळ्याला अजून चार महिने होते.

"तू पुन्हा येऊ नकोस," सेंगा म्हणाली. "रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूने जा. आणि कधी तिने तोंडावर काही विचारलं, तर हेच सांगायचं. माझा जीव गेला तरी मी दुसरं सांगणार नाही, तूही नाही."

"नाही सांगणार."

"आता मी ओरडणार आहे," सेंगा म्हणाली. तिने मॉर्वेनचं कोपर एकदा घट्ट दाबलं, मग तिला फाटकाबाहेर ढकललं आणि खरोखरच ओरडली.