पासोकासाठी तिसरं घर

"प्रत्येक घरात तुला काहीतरी सापडतंच," लिफ्टमध्ये आदिल्सन माझ्या कानाशी पुटपुटला. टोपली त्याच्या हातात, टोपलीत आमची मांजर पासोका. नवऱ्याचं बरोबरच होतं. खोट शोधायलाच तर निघाले होते.

सापडलेलं मांजर कुणाला द्यायच्या आधी घर पाहायचं, खिडक्यांना जाळी नसेल तर द्यायचं नाही, हा आम्हा पोर्तो आलेग्रेच्या मांजरवाल्या बायकांचा नियम. पहिल्या घरी जाळी नव्हती. दुसऱ्या घरी होती, पण तिथला माणूस मला आवडला नाही. हे तिसरं, आठव्या मजल्यावर.

दोना ओतिलियांनी, म्हणजे ओतिलियाबाईंनी, दार उघडलं. सत्तरीच्या, एकट्या, केस नुकतेच सेट केलेले. मांजरासाठी कुणी केस सेट करतं का!

जाळी मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. तसूभर हलली नाही. मला वाईट वाटलं.

"लिली मांजराला विष असते," फुलदाणीकडे बोट करत मी म्हणाले.

"प्लॅस्टिकची आहे हो."

"उद्या तुम्हालाच काही झालं तर?"

आदिल्सन खोकला.

"खालच्या मजल्यावर भाची आहे, ती सांभाळेल. बोलावू का तिला, तुमच्यासमोर सांगायला?"

"नको."

मासळीबाजारामागे सापडली तेव्हा पासोका मुठीएवढी होती. ड्रॉपरनं दूध पाजून मी तिला जगवलं. पासोका म्हणजे शेंगदाण्याची वडी; हिचा रंग तसाच, म्हणून ते नावही मीच ठेवलं. पण माझ्या घरी ती कपाटावर राहायची. खाली माझ्या सहा मांजरांचं राज्य. ती सहाही झोपली की ही उतरायची, पोट जमिनीला घासत जेवायची आणि पुन्हा वर. आल्यागेल्याला मी सांगायची, लाजाळू आहे. आदिल्सनही तेच सांगायचा.

"लाजाळू आहे हं," आताही मी म्हणाले. "महिनाभर पलंगाखालून बाहेर यायची नाही."

आदिल्सननं टोपली उघडली. पासोका बाहेर आली. शेपटी छत्रीच्या दांड्यासारखी ताठ! तशीच सगळ्या खोल्यांतून फिरली. माझ्याऐवजी तीच घर तपासत होती जणू. मग दोनांच्या सपातीवर बसली.

"अगं बाई, ही तर घरमालकीण!" दोना हसल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. माते या आमच्या कडू चहाच्या तुंब्यात गरम पाणी ओतून तो आधी मला दिला. पुढे आलेला तुंबा नाकारायची आमच्याकडे सोय नाही. मी नळी तोंडात धरली. एवढी कडू माते मी कधी प्यायले नव्हते.

"ऊन कमी येतं इथं," मी म्हणाले.

पासोका तोवर उन्हात लोळत होती.

आदिल्सन बुटांकडे बघत राहिला, दोना प्लॅस्टिकच्या लिलीकडे. मी टोपली जवळ ओढली. तिचं दार करकरलं तशी पासोका उठली. पोट जमिनीला टेकलं, शेपटी पायांत गेली.

मी रिकाम्या टोपलीचं दार लावून घेतलं.

"ती लाजाळू नाही हो, दोना," तुंबा परत देत मी म्हणाले. "आमच्याकडे ती भिऊन राहायची."