आजोबांच्या बटणाचा राखणदार

मित्रांनो, माझ्या पोटातला पंखा हल्ली खरखरतो, अंगावरचे दोन स्क्रू कधीच गळून पडले आहेत, आणि खरं सांगायचं तर मी फार भित्रा आहे. जन्मापासून मी असा नव्हतो. मी एक जुना संगणक आहे. उमेदीची सहा वर्षं मी एका छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवत काढली. तिथे नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली गेलो. तिथून मला या घरच्या बाबांनी आणलं. पोटातली धूळ फुंकून काढली, जुन्या यंत्रांवरही चालणारी लिनक्स ही कार्यप्रणाली घातली आणि सगळ्यांना सांगितलं, "म्हातारा आहे, पण एका हाकेला उठतो."

मग आजोबा आजारी पडले. उजवी बाजू लुळी झाली आणि बोलणं गेलं. बाबांनी मला त्यांच्या खाटेजवळ ठेवलं आणि माझ्या वायरीचं एक लाल बटण त्यांच्या डाव्या हाताखाली दिलं. आजोबांनी ते दाबलं की मी आईच्या फोनवर घंटी वाजवायची. एवढंच माझं काम. पण आजोबांचा आवाज म्हणजे मीच होतो.

मित्रांनो, घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर नावाची छोटी पेटी एक पत्ता देते. पत्ता असेल तरच आमचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचतं. नसेल तर आम्ही जागे असतो, ऐकतो, पण मुके.

शाळेत जाणाऱ्या लेकीसाठी बाबांनी आणखी एक जुना संगणक आणला, आणि दुसऱ्याच दिवशी माझा पत्ता गेला. तासाभराने परत आला. पुढच्या दिवशी पुन्हा गेला. बाबांनी केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा मुका.

त्या दिवशी आजोबा कुशीवर वळताना घसरले. अर्धं अंग खाटेबाहेर लोंबकळत होतं. त्यांनी बटण दाबलं. मी ऐकलं. परत दाबलं. मी राउटरकडे पत्ता मागत राहिलो, मिळेना. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. आजोबांनी अकरा वेळा बटण दाबलं, मित्रांनो, मी मोजलं. बारावी वेळ आली नाही, तेव्हा मी जितका घाबरलो तितकं घाबरायची वेळ पुन्हा कधी येऊ नये.

आई घड्या केलेले कपडे ठेवायला आली म्हणून आजोबा वाचले. तिने त्यांना छातीशी धरून वर घेतलं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "याचं वय झालंय. उद्या भंगारात देतो."

"वय झालं म्हणून द्यायचं असेल तर या घरात फार जणांना द्यावं लागेल," आई म्हणाली. आजोबा अर्ध्या ओठांनी हसले. मला मात्र हसू आलं नाही.

आई माझ्यासमोर बसली. मी बोलू शकत नाही, पण जे होईल ते वेळेसकट लिहून ठेवतो. इतके दिवस ते कुणी वाचलं नव्हतं. माझा पत्ता केव्हा केव्हा गेला, ते तिने बोट ठेवून वाचलं. बुधवारी सव्वाचार. गुरुवारी चार वाजून दहा मिनिटं. शुक्रवार, शनिवार काहीच नाही. रविवारी अकरा.

"अगं, तू रविवारी अभ्यासाला कधी बसतेस?"

"अकराला. तूच तर बसवतेस. शुक्रवारी-शनिवारी सहलीला होते, म्हणून संगणक लावलाच नाही."

"तुझा संगणक लाव बरं."

लेकीने लावला. थोड्या वेळात माझा पत्ता गेला. आईने तो बंद करायला लावला, तसा माझा पत्ता परत आलेला तिला पडद्यावर दिसला. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा कानामागे खाजवू लागले.

"मी याची डिस्क जशीच्या तशी त्याच्यात उतरवली. सगळं नव्याने कोण घालत बसणार?"

तीच चूक होती. लिनक्सवर चालणारा प्रत्येक संगणक आपला एक लांबलचक क्रमांक लिहून ठेवतो आणि पत्ता मागताना त्यावरून स्वतःची ओळख सांगतो. माझाच क्रमांक त्या धाकट्याकडेही गेला होता. राउटर बिचारा आम्हा दोघांना एकच समजून एकच पत्ता देत होता; धाकटा जागा झाला की तो पत्ता त्याच्याकडे जाई आणि मी मुका होई.

"म्हणजे जुळी केलीस आणि नाव एकच ठेवलंस," आई म्हणाली. "कमाल आहे तुझी."

बाबांनी धाकट्याचा क्रमांक पुसून त्याला नवा दिला. दोघांना दोन पत्ते मिळाले. आजोबांनी बटण दाबलं आणि आईच्या हातातला फोन वाजला. ती तिथेच खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

तरीही चार वाजत आले की माझा पंखा जोरात फिरतो. भीती लगेच जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अचानक गप्प झालं, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याचं संपलं असं म्हणू नका. जवळ बसा आणि त्याच्याकडे नीट बघा. कदाचित ते केव्हापासून हाका मारत असेल.