मणकेबाबा आणि मुके काका

"कड्!" असा आवाज झाला की अख्खा मंडप "अहाहा!" म्हणायचा. मान एकाची, आराम सगळ्यांना.

मणकेबाबांची पद्धत ठरलेली. रोग्याने खुर्चीत बसायचं, डोक्यावरून जाड शाल घ्यायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाबा डोळे मिटून मागून येत, शालीखाली हात घालत आणि दटावत, "मणक्या रे मणक्या, घर सोडून हिंडतोस? चल, बैस जागेवर!" मग पिळा. मग कड्.

गेल्या आठवड्यात बेकरीवाल्याचाही कड् झाला. तेव्हापासून त्याला हात उचलता येत नाहीत. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले. इस्पितळात बायकोनेही त्याला तेच सुनावलं.

आज रांगेत कापडदुकानदाराची आत्या बसली होती. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं, त्यामुळे भाचा तिला उठवायला धावत आला होता. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच समजावलं होतं, "हाड आतून जाळीसारखं असतं. आत्यांच्या जाळीचे दांडे झिजलेत. हाडाची घनता तिसऱ्या हिश्शाने घटली, तर ताकद निम्म्याहून जास्त जाते. ती मान डोकं पेलतेय तेच पुष्कळ. पिळलीत तर जन्माचं अंथरूण, नाहीतर तेवढंही नाही."

"आत्या, मान मोडेल गं!"

"मोडली तर बाबा बसवतील. त्यांचं कामच ते."

"डॉक्टरीणबाई म्हणतात..."

"ती नुसत्या गोळ्या देते. कड् देते का?"

भाचा तडक दुकानात गेला आणि चाकाच्या खुर्चीतून एका मुक्या काकांना घेऊन आला. काका आधीच शालीत गुरफटलेले. मागोमाग डॉक्टरीणबाईही आल्या. "फार हाल आहेत हो यांचे," भाचा म्हणाला. आत्यालाच दया आली आणि तिने आपला नंबर काकांना दिला.

बाबांनी डोळे मिटून मान धरली. "अरे बापरे, काय हा ताठा! तीस वर्षांचा दुष्ट वायू अडकलाय!"

"चाळीस," भाचा नम्रपणे म्हणाला.

पिळा. कड्!

"निघाला! काका, आता वळवा बघू मान!"

काका ढिम्म. बाबांनी मदतीला हात लावला, तर काकांचं डोकंच हातात आलं. शाल घसरली. खाली दुकानातला प्लास्टिकचा पुतळा, गळ्यात सदऱ्याच्या किमतीची चिठ्ठी.

मंडपात किंकाळ्या उठल्या. मग मागून कोणीतरी गहिवरून म्हणालं, "प्लास्टिकचासुद्धा कड् काढला! काय ही सिद्धी!" दोघातिघांनी हातही जोडले.

डॉक्टरीणबाईंनी बाबांची उजवी मूठ उघडली. आत पत्र्याचा छोटा बेडूक होता, पोरं अंगठ्याने दाबून वाजवतात तसला. त्यांनी तो दाबला. कड्. पुन्हा दाबला. कड्.

"हा तुमचा मणका," त्या म्हणाल्या. "आणि खरी मान वाजली तरी हाड जागेवर बसत नाही. सांध्यातल्या पातळ द्रवात बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. पण शालीआडचा पिळा मात्र खरा होता. बेकरीवाल्याला विचारा."

"पण आम्हाला बरं वाटतं, त्याचं काय?" एकजण फणकारला.

"तासभर आखडून बसलेला माणूस उठला की त्याला बरं वाटतंच. त्याला बाबा लागत नाही."

एवढ्यात मंडपात मागे बसलेली बेकरीवाल्याची बायको उठली. ती बाबांच्या मागे गेली आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बाबा, शाल घेता?"

"हात काढ, बाई!" बाबा किंचाळले. "मान आहे ती! मोडेल!"

आत्या काठी टेकत उभी राहिली.

"मग माझी काय होती रे, मेल्या?"

प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त तो रांगेत बसण्याआधी विचारायचा असतो.