वीस टक्के पाऊस

जलविज्ञान कार्यालयात तिच्या वाट्याला आलेल्या खोऱ्यात पर्जन्यमापक एकच होता, दरीतल्या आरोग्य केंद्राच्या अंगणात. तिथल्या नर्सबाई रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायच्या आणि आकडा कार्यालयात कळवायच्या. त्या एका आकड्याला उपग्रहाच्या अंदाजांची जोड देऊन, किती पावसाला नदीत किती पाणी येईल याचं प्रारूप ती संगणकावर बांधत होती.

ताळमेळ काही बसेना. पुलापाशी मोजणी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती; तिथलं पाणी दरवर्षी प्रारूपापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी भरायचं. तिने मातीचे नमुने पुन्हा तपासले, बाष्पीभवन वाढवून पाहिलं, जंगलाचा नकाशा बदलला. दोन वर्षं यातच गेली.

नवरा पंपगृहांचा देखभाल अभियंता. संध्याकाळी भाजी चिरता चिरता तो तिचं रडगाणं ऐकायचा.

"कुठेतरी पाणी मुरतंय तुझ्या प्रारूपात," तो हसायचा. मग एकदा म्हणाला, "अगं, त्या बाईच वाढवून लिहीत असतील. दवाखाना सांभाळून रोज कोण मोजत बसतंय?"

तिला ते पटलं. म्हणजे तिने पटवून घेतलं. नोंदींमधला पाऊस वीस टक्क्यांनी कमी केला आणि आलेख असा चपखल बसला की साहेबांनी पाठ थोपटली. अहवालात तिने एक ओळ लिहिली: केंद्रावरच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. महिन्याभरात नर्सबाईंकडून मोजणीचं काम काढून घेतलं गेलं.

नर्सबाई दोन बस बदलून कार्यालयात आल्या. पिशवीतून अकरा वह्या काढून तिच्या टेबलावर ठेवल्या.

"माझं काय चुकलं ते दाखवा."

"बाई, नदीत तेवढं पाणी येतच नाही."

"कसं येईल? वरच्या डोहावर पंप बसवलेत ना, सहा वर्षं झाली. पाणी डोंगरापलीकडच्या कारखान्यांना जातं."

"कागदावर तसं काही नाही."

नर्सबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमचे यजमान दर महिन्याला येतात की पंप बघायला. आमच्याकडे चहा घेतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्याच्या दौऱ्याची बॅग दर महिन्याला तीच भरून द्यायची.

घरी तो ओट्यापाशी होता.

"डोहावरच्या पंपांचं मला का नाही सांगितलंस?"

सुरी थांबली. "वरून आदेश होता, कुठे बोलायचं नाही. आणि तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

"लिहिलंच असतं. पण तू नुसता मूग गिळून बसला नाहीस. त्या बाईंवर खापर फोडलंस, माझ्या हातून."

"तू थकली होतीस. तुला उत्तर हवं होतं, मी दिलं."

ती थकली होती हे खरंच होतं. तेच त्याने हेरलं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने पाऊस पुन्हा नोंदीइतका केला. जुना अहवाल मागे घेतला, नव्यात पंपांची जागा दाखवली आणि आपली चूक आपल्या नावाने लिहिली. साहेबांनी तो दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा तिने प्रत थेट खोऱ्याच्या समितीकडे दिली. चौकशी लागली, नवरा निलंबित झाला आणि भावाकडे राहायला गेला. पंप अजून चालू आहेत, फक्त आता त्यांना मीटर आहे.

काम परत दिल्याचं पत्र घेऊन ती स्वतः दरीत गेली. नर्सबाईंनी ते उभ्याउभ्या वाचलं, पोचपावतीवर सही केली आणि रांगेतल्या पेशंटला आत बोलावलं. ती थोडा वेळ अंगणात थांबली, मग बसथांब्याकडे निघाली.