आपलं बाळ

रहमीमभाऊजी मुंबईहून पॅलेस्टाइनमधल्या, सगळं सामाईक असणाऱ्या नव्या ज्यू वसाहतींवरचं भाषण ऐकून आले आणि महिन्याभरात नाशकात जुलेखाबींची माडी भाड्याने घेतली. भाऊजी, शाळेत शिकवणारी डीना आणि तिचा भाऊ हन्नोक आधी राहायला आले, मागून हे आणि मी. सगळे बेने इस्राएल, नोकरीपायी कोकण सोडून आलेले. एक चूल, एक कपाट, कामं पाळीपाळीने. मी बी.ए. झालेली, कल्पना मलाही पटली होती. योएल तेव्हा पोटात होता, आणि पोटातल्या मुलाच्या बाबतीत माणूस फार उदार असतं.

घराचा नियम एकच. 'माझं' म्हणायचं नाही, 'आपलं' म्हणायचं. चुकेल त्याने त्या दिवसाची सगळी भांडी घासायची. आमच्यात दुधाची भांडी वेगळी आणि मटणाची वेगळी, म्हणजे शिक्षाही दुप्पट. आपला कंगवा, आपली छत्री, इथवर ठीक चाललं. पण जुलेखाबींना मी "हे आपले मिस्टर" म्हणून यांची ओळख करून दिली, तेव्हा त्या पदर सावरत म्हणाल्या, "नको बाई, आमचे आहेत घरात."

योएलला दात यायला लागले आणि भाऊजींनी जेवताना विषय काढला.

"मूलही आपलंच. एकाच आईने का अडकून पडावं? रविवारपासून पाळीपाळीने सांभाळू. वहिनी, तुम्हाला वाचायला वेळ मिळेल."

"आणि रात्री?"

"रात्रीही बाहेरच्या खोलीत. वसाहतीत तसंच असतं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे तांब्याकडे पाहत होते. मत घेतलं, चार हात वर झाले. माझे दोन्ही योएलने धरून ठेवले होते.

मला झोप लागेना. याला कुशीवर झोपायची सवय, पांघरूण लाथाडतो, सापडेल ते तोंडात घालतो. पाळीपाळीने हे सगळं कोण लक्षात ठेवणार?

रविवारी पहिली पाळी भाऊजींची. मी आत पुस्तक घेऊन बसले आणि दाराच्या फटीतून वाचू लागले. त्यांनी योएलला तुपाच्या बरणीसारखं धरलं होतं. तेवढ्यात जिना वाजला. अलिबागचे हसाजी चिंचोळकर, यायचे होते सोमवारी, रविवारीच हजर. त्यांच्या मुलीसाठी, मिलकासाठी, भाऊजींना बघायला. त्या मिलकासाठी आठवडाभर भाऊजी रोज नवी कॉलर लावून बघत होते.

हसाजीबाबांनी चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनाच्या त्या छोट्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवली आणि बसले. डीनाने चहा आणला. योएलने भाऊजींची मिशी पकडली आणि म्हणाला, "बाब्बा."

तसं तो दूधवाल्याच्या म्हशीलाही म्हणतो. हसाजीबाबांना ते कसं ठाऊक असणार?

"कुणाचा हो?"

"आपलाच," भाऊजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"आपला म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांचा."

हसाजीबाबांनी कप खाली ठेवला. "मध्यस्थ तर मुलगा बिनलग्नाचा म्हणाला होता."

"आहेच. इथे पाळीपाळीने असतं. आज आपली पाळी."

"माझी? मी आत्ताच येतोय." ते काठी शोधू लागले.

भाऊजींनी दाराच्या फटीकडे पाहिलं. "वहिनी."

मी बाहेर आले.

"सांगा ना यांना, कुणाचा ते."

"आपलाच की."

"वहिनी, मिलकाचा प्रश्न आहे."

"रात्री कुठे झोपायचा हा?"

"तुमच्यापाशी."

"आणि दिवसा?"

"तुमच्यापाशीच. मत गेलं गंगेत."

हसाजीबाबा आमच्याकडे बकऱ्याचा सौदा बघावा तसे बघत होते. मी हात पुढे केले.

"माझा," मी म्हणाले. किती दिवसांनी तो शब्द तोंडात आला होता. लगेच परत म्हटला. "माझा आहे, बाबा. यांच्याकडे नुसता धरायला दिला होता."

मग नियमाची गोष्ट निघाली आणि हसाजीबाबांना हसता हसता ठसका लागला. घरातले सगळे जमले, दुसरा चहा झाला, कॉलरची दखल घेतली गेली. उठताना ते रीतीप्रमाणे म्हणाले, "तर मग, पोरगी आपलीच समजा."

हन्नोकने मान वर केली. डीनाने केली. तांब्याकडे बघणाऱ्या आपल्या यांनीही केली.

"नाही, नाही," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "तेवढी माझी."

संध्याकाळी भांडी आम्हा दोघांच्या वाट्याला आली. दुधाची मी घेतली, मटणाची त्यांना दिली. योएलला मी जुन्या लुगड्याने पाठीला बांधलं होतं.

"वाकताना त्रास होत असेल," भाऊजी म्हणाले. "जरा धरू का त्याला?"

"नको," मी म्हटलं आणि पातेलं पुढे ओढलं.